उसनी भगुनी

निलंग्याचं घर बघायला जायचं ठरलं, तेव्हा अमरनाथने वडिलांसमोर हात जोडले.

"आप्पा, या वेळी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं न्हाई."

"मी कुठं शिरतो," गुरुबसप्पा म्हणाले. "वास आला की माणूस तिकडं बघतो. एवढंच."

"उदगीरला तुम्ही दुधाचं भगुनं उलटं करून बघितलं."

"बूड बघायचं होतं मला."

"दूध होतं त्यात."

"जरासक होतं."

गुरुबसप्पांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. लातूरच्या गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि पन्नास वर्षं भांडी विकून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. बाहेरच्या खोलीत माणसं त्यांना हवी तशी दिसतात, ओट्यापाशी जशी असतात तशी. उदगीरचं स्थळ त्यांनी त्या दुधाच्या भगुन्यावरून मोडलं होतं आणि सोलापूरचं नॉनस्टिक तव्यावरून. सोलापूरकरांनी तव्यावर स्टीलचं उलथनं इतकं फिरवलं होतं की निघालेला काळा थर धिरड्यावर तिळासारखा दिसत होता. "तव्याला जपत न्हाईत ते पोरीला काय जपतील," असं आप्पा परतीच्या गाडीत म्हणाले, आणि अमरनाथने तुळजापूर येईपर्यंत रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता.

पण या वेळी घर बघायची अट आप्पांची नव्हती, दामिनीची होती. अमरनाथची ही एकुलती एक मुलगी एम. कॉम. झाली तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, आजोबांच्या शेजारी दुकानात बसत होती. निलंग्याचा संगमेश तिला आवडला होता. लातुरातल्या एका क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा, कमी बोलायचा, पण बोललेलं वाक्य पूर्ण करायचा. दोनदा भेटून झालं होतं. तरी होकार देण्याआधी ती म्हणाली, "एकदा घर बघू. स्वयंपाकघरासकट."

"बघ," आप्पा मुलाला म्हणाले. "मी न्हाई म्हणलो. ती म्हणली."

मंजुश्री ओट्यापाशी चहा गाळत होती. सुनेला कुणी काही विचारलं नाही. या घरात भांड्यांबद्दल बोलायचं ते सासऱ्यांनी, हे गेली एकोणतीस वर्षं चालत आलं होतं.

*

निलंग्यात संगमेशच्या आईचं, शिवकांताबाईंचं, दोन दिवस चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं त्यांनी सात एकर ऊस आणि सोयाबीन एकटीने सांभाळलं होतं. ऊसतोडीच्या मुकादमाशी त्या भर रस्त्यात भांडत. पण उदगीरच्या भगुन्याची गोष्ट नात्यागोत्यातून त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि या म्हाताऱ्याला त्या घाबरल्या.

त्यांची स्वतःची भांडी काळी होती. एक बिडाचा तवा, एक लोखंडी कढई, दोन जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भगुनी. जुनी, जड आणि त्यांच्या मते चारचौघांत काढण्यासारखी नसलेली. शेजारच्या पंचफुलाला तिच्या भावांनी घरभरणीला तीन थरांच्या जाड स्टीलचा अख्खा संच दिला होता. तो अजून कपाटातच होता.

"ने की," पंचफुला म्हणाली. "माझी तर नुसती बघायला हायत."

संगमेशला हे पटलं नाही. "अव्वा, ते लोक आपलं घर बघायला येऊन राहिलेत. पंचफुलाकाकूचं न्हाई."

"तू गप. आपली भांडी ह्या पोत्यात भरलीत, ते न्हाणीच्या माळ्यावर टाक."

रविवारी अकराच्या सुमाराला लातूरची गाडी दारात आली. 'शरणू शरणार्थी' म्हणून नमस्कार झाले, पाणी झालं. अमरनाथने सोयाबीनच्या भावाची चौकशी केली. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या कॅलेंडरकडे बघत शहाण्यासारखे बसले. ते पाहून शिवकांताबाईंना जरा धीर आला, आणि त्या नाश्त्याला सुशीला करायला आत गेल्या. चुरमुरे भिजवलेले होते, कांदा चिरलेला होता.

लोखंडी कढई त्या धूर निघेपर्यंत तापवत. ही चकचकीत कढई रिकामी तापवायला मात्र त्यांचा जीव होईना. दुसऱ्याची वस्तू, डाग पडला तर काय सांगायचं. म्हणून थंड कढईतच त्यांनी तेल घातलं, लगोलग कांदा टाकला, आणि कांदा कढईच्या बुडाला असा धरून बसला की हलायलाच तयार नाही. त्यावर चुरमुरे पडले तेही चिकटले. त्या उलथन्याने खरवडायला लागल्या.

बाहेरच्या खोलीत आप्पांनी नाक वर केलं.

"बुडाला लागलं," ते म्हणाले.

"आप्पा, बसा."

"नवं भांडं हाय. तापायच्या आधी तेल घातलं."

"आप्पा."

"जुनं असतं तर धरलं नसतं," असं म्हणेपर्यंत ते उठले होते, आणि अमरनाथचा हात त्यांच्या सदऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ते स्वयंपाकघरात होते. त्यांच्यामागून मंजुश्री धावली.

"बाई, घाबरू नका. खरवडू मात्र नका," आप्पा शिवकांताबाईंना म्हणाले. "गॅस बंद करा. वरचं वरचं ताटलीत काढून घ्या, ते चांगलं हाय. आता ह्यात गरम पाणी घाला अन् झाका. आपसूक सुटंल. अशा भांड्याला आधी मध्यम आचेवर ठिवायचं, मग पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब मोत्यासारखा पळाला की तेल घालायचं. मग काही धरत न्हाई."

शिवकांताबाईंनी सांगितलं तसं केलं. पाच मिनिटांनी बुडाचा कांदा खरंच सुटला. आप्पांनी पाणी ओतून दिलं आणि पन्नास वर्षांच्या सवयीने कढई उलटी केली.

बुडावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव होतं. सौ. पंचफुला, घरभरणी, निलंगा.

"अरे," आप्पांचा चेहरा फुलला. "हे अक्षर माझं हाय. 'भ'ची मान अशी वाकडी मीच काढतो. दोघं भाऊ आलते बहिणीसाठी घ्यायला. एकजण म्हणत होता, लई जड हाय. मी म्हणलो, बूड जड असंल तर घर टिकतंय." ते आनंदाने मंजुश्रीकडे वळले. "आपल्याच दुकानातला माल हाय की."

मंजुश्रीचं लक्ष शिवकांताबाईंकडे होतं. त्या बाईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आप्पा, बाहेर चला," मंजुश्री हळूच म्हणाली.

"पण ही पंचफुला कोण?"

"शेजारीण," शिवकांताबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "थांबा ताई, यांना बाहेर नेऊ नका. आता राहिलंय काय. तो कुकर पंचफुलाचा. ती परात पंचफुलाची. तुम्ही पाणी प्यालात ते पेले बी तिचेच. माझं ह्या घरात फक्त पोरगं हाय. त्याला उलटं करून बघायचं असंल तर बघून घ्या."

आप्पांच्या हातात कढई तशीच उलटी राहिली. आपण काय केलं हे त्यांना आत्ता कळलं.

*

दामिनी तेव्हा मागच्या अंगणात होती. संगमेश तिला बोअरचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं ते सांगत होता. आतलं बोलणं दोघांनाही शब्द न् शब्द ऐकू आलं.

"मी नको म्हणलो होतो," संगमेश म्हणाला.

"खरी भांडी कुठं हायत?"

त्याने न्हाणीघराच्या माळ्याकडे बघितलं. मग शिडी लावली आणि पोतं खाली आणलं.

दामिनीने पोत्याचं तोंड सोडलं. एवढ्या घाईने कोंबलेलं लोखंड म्हणजे गंज असणार, असं तिला वाटलं होतं. कढई जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. फडकं बाजूला केल्यावर ती खाली बसलीच. कढई आतून काळी कुळकुळीत होती, देवळातल्या दगडी नंदीच्या पाठीसारखी गुळगुळीत. तिने बोट फिरवून बघितलं. काळं लागलं नाही, फक्त जरासा ओशटपणा लागला.

"कोण करतं हे?"

"मी. रविवारी." तो जरा अवघडला. "तीन वर्षांपूर्वी अव्वा बांधावरून पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून घासायला जोर येत न्हाई तिला. मग ती सांगते अन् मी करतो."

"काय करतोस?"

"गरम असतानाच पाण्यानं धुवायची, काथ्यानं घासायची. साबण न्हाई. मग गॅसवर ठेवून पार कोरडी करायची अन् गरम असताना करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचा. थोडंच तेल. पहिल्या वेळी मी ओतलंच होतं, सगळी चिकट होऊन बसली. अव्वानं मला आठवडाभर फोनवर ऐकवलं."

"अन् चिंचेचं काही केलं तर?"

"करतो की. पण त्यात ठेवत न्हाई. झालं की लगेच दुसऱ्यात काढायचं. न्हाईतर भाजीला लोखंडाची चव येते, वर चढवलेलं सगळं उतरतं ते वेगळंच." तो थांबला. "ही परीक्षा होती का?"

"तोंडी," दामिनी म्हणाली.

"मग?"

"निकाल घरच्यांसमोर लावते." तिने कढई उचलली. ती चांगलीच जड होती. संगमेशने हात पुढे केला, तर तिने एक कान त्याच्याकडे दिला आणि दोघं कढई धरून आत आले.

आत अमरनाथही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. तो पायांकडे बघत होता. दामिनीने कढई आजोबांसमोर ठेवली.

"अज्जा, ही बघा."

"ती कशाला काढली," शिवकांताबाई पुटपुटल्या.

आप्पांनी चष्मा पुसला. कढई दोन्ही हातांनी उजेडात धरली, काठ बघितला, आतून तळहात फिरवला. मग उलटी करताना पहिल्यांदा थांबले आणि शिवकांताबाईंकडे बघून विचारलं, "बघू का?"

"बघा."

"नाव न्हाई हिच्यावर."

"सासूबाईंची हाय. त्यांच्या आधी कुणाची होती, मालूम न्हाई. नाव घालायचं कुणाला सुचलंच न्हाई."

आप्पांनी तळहात पुन्हा एकदा आतून फिरवला. दामिनीला माहीत होतं, आजोबांनी दोनदा हात फिरवला म्हणजे वस्तू आवडली.

"बाई," ते म्हणाले, "मी विकतो ती कोरी कढई. हे जे वर चढलंय ते दुकानात मिळत न्हाई. हे लपवायची चीज न्हाई. चुकलं माझं, मी आत यायला नको होतं."

अमरनाथने मान वर केली. वडिलांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्याने याआधी कधी ऐकला होता ते त्याला आठवेना. झालं, मिटलं, असं वाटून तो हसला. पण शिवकांताबाईंचा राग या कौतुकाने उलट वाढला. दोन दिवसांची धावपळ, पंचफुलाचे उपकार, करपलेला कांदा, सगळं फुकट गेलं होतं.

"तुमचं बघून झालं न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता मी बघते. तुमचं घर."

"या की," अमरनाथ म्हणाला. "अवश्य या. पुढच्या रविवारी जेवायलाच या."

"पुढच्या रविवारी न्हाई. आज. सांगून आल्यावर काय होतं ते तुम्ही आत्ताच बघितलं."

*

गाडी अमरनाथ चालवत होता. शेजारी आप्पा, मागे तिघी बायका. संगमेशला सोमवारी सकाळचा तास होता, तो मोटरसायकलवर मागून येत होता.

मंजुश्रीला बाहेरचा रस्ता दिसत नव्हता. डोळ्यांसमोर तिचा स्वतःचा ओटा होता. दुकानातून घरी काय यायचं ते तिलाच माहीत. गाडीतून उतरवताना पडून पोचा आलेलं भगुनं घरी. झाकण हरवलेला डबा घरी. गिऱ्हाइकाने परत केलेला, थर उडालेला तवा घरी. "चालतंय की, घरातच तर वापरायचंय," असं आप्पा म्हणत, आणि ते चालवायचं काम मंजुश्रीचं. कुकरच्या दांडीला तिने स्वतः सुतळी गुंडाळली होती. एक कढई अशी होती की तिला डाव्या बाजूने धरलं नाही तर ती कललीच. नव्या माणसाने तिच्यात तळण काढलं असतं तर पाय भाजून घेतला असता. मंजुश्रीने एकदाही भाजून घेतला नव्हता, कारण तिला तिचा कल ठाऊक होता.

औशाला अमरनाथने चहासाठी गाडी थांबवली. आप्पा आणि शिवकांताबाई बाकावर दोन टोकांना बसले. अमरनाथने मंजुश्रीला बाजूला घेतलं.

"मनिषावहिनीला फोन लाव. किल्ली त्यांच्याकडं हायच. म्हणावं, ओट्यावरचं सगळं आवरून आत टाका, अन् तुमच्याकडची चार चांगली भांडी मांडा. अर्धा तास हाय आपल्याकडं."

मंजुश्रीने फोन हातात घेतला. मनिषाचं नाव काढलं. मनिषा शेजारीण होती, जिवाभावाची होती, एका शब्दात तिने सगळं केलं असतं. आणि मग मंजुश्रीला निलंग्यातल्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्या आठवल्या.

"न्हाई लावत," ती म्हणाली.

"मंजू, खामखा हसं होईल."

"कुणाचं? माझं न्हाई होणार. मी कुठं आणलीत ती भांडी."

अमरनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून बाकावरच्या आप्पांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. अमरनाथच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याला वडिलांना सांभाळून घ्यायचं नाहीये.

"मग जाऊ दे," तो म्हणाला. "चहा पी."

पुन्हा गाडीत बसताना मंजुश्रीने फोन पर्समध्ये टाकून दिला. का ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण गाडी जरा लवकर पोचली तर बरं, असं तिला वाटत होतं.

*

लातूरच्या घराच्या दिवाणखान्यात शिवकांताबाई बसल्याच नाहीत. "आधी आत," त्या म्हणाल्या.

आप्पा त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. आपल्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ते असे क्वचितच उभे राहिले होते. त्यांचं ताट बाहेर यायचं, पाणी बाहेर यायचं. सकाळी दुकान, दुपारी जेवण, पुन्हा दुकान. आज उभं राहून बघताना त्यांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी घर आहे.

शिवकांताबाईंनी कशाला हात लावण्याआधी विचारलं. "ताई, बघू का?"

"बघा ना," मंजुश्री म्हणाली, आणि स्वतःच एकेक समोर ठेवत गेली.

पोटाला पोचा आलेलं भगुनं. सुतळीची दांडी. तव्याचा पांढरा पडलेला मध्य.

"ह्याच्यावर काय करता?"

"पापड भाजते. दुसरं काही करत न्हाई, त्या थराचं पोटात जाऊ नये म्हणून."

"अन् हे झाकण कशाचं?"

"कशाचंच न्हाई. ज्याच्यावर बसंल त्याचं."

शिवकांताबाईंनी ते झाकण तीन भांड्यांवर ठेवून बघितलं. एकावर आत पडलं, दोनांवर डुगडुगलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर आप्पांना सोपं गेलं असतं.

"आप्पा, ही कढई कललेली हाय."

"ती... गाडीतून उतरवताना पडली होती. विकण्यासारखी न्हवती."

"किती वर्षं झाली?"

आप्पांना आठवेना. मंजुश्री म्हणाली, "दामिनी बालवाडीत होती."

"अज्जा," दामिनी म्हणाली, "दुकानात अशा कढईला आपण काय म्हणतो गिऱ्हाइकाला? घेऊ नका, बाई. तेल सांडंल, जिवावर बेतंल."

आप्पांनी नातीकडे बघितलं. मदतीची अपेक्षा त्यांना तिच्याकडूनच होती. मग मुलाकडे बघितलं. अमरनाथ फ्रिजला टेकून हाताची घडी घालून उभा होता. संगमेश नुकताच आला होता आणि हेल्मेट कुठे ठेवावं या विचारात होता. त्याने ते हातातच ठेवलं.

"व्यापाऱ्याच्या घरी असंच असतंय, बाई," आप्पा म्हणाले. "शिंप्याचा सदरा उसवलेलाच असतो."

"शिंप्यानं स्वतःचा सदरा उसवलेला घालावा," शिवकांताबाई म्हणाल्या. "हिला कामून घालायला लावता?"

आप्पा उंबरा ओलांडून आत आले. ते ओट्याकडे बघत राहिले. आपण या भांड्यांतलं दोन्ही वेळ खातो, मिटक्या मारत खातो, आणि ही बाई त्यांत कशी करते ते आपण कधी बघितलंच नाही. उदगीर बघितलं, सोलापूर बघितलं, निलंगा बघितलं. ही एक खोली मधल्यामधे राहून गेली होती.

"दामिनी," शिवकांताबाईंनी विचारलं, "तुझं काय ठरलं? घर बघून झालं ना?"

"माझा होकार हाय," दामिनी म्हणाली. "निकाल लावते म्हणलं होतं, तो लागला."

संगमेशच्या हातातलं हेल्मेट फरशीवर पडलं. त्याने ते उचललं.

"माझा बी होकार हाय," शिवकांताबाई म्हणाल्या. "पोरगी मला निलंग्यातच आवडली, कढई उचलली तिथंच. पण आप्पा, माझं एक मागणं हाय. देणंघेणं मला काही नको. ह्या पोरीची आई असल्या कढईत तळण काढत असंल अन् मी तुमच्याशी सोयरीक करून गोडाची हुग्गी खाऊ, हे मला जमायचं न्हाई. आधी ह्यांचा ओटा नीट करा. मग लग्नाची बैठक ठरवू."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्यांनी उदगीरला नकार दिला होता, सोलापूरला नकार दिला होता. आता होकार-नकार त्यांच्या हातात नव्हताच.

"दुकान आठपर्यंत उघडं हाय, गडी बसलाय," ते म्हणाले.

*

गंजगोलाईत रविवारची गर्दी होती. मंजुश्री दुकानात याआधीही आली होती, पण डबा द्यायला, सणाला पूजेसाठी, आप्पांची औषधं घेऊन. आज ती गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली. शेजारी शिवकांताबाई बसल्या, बाकीचे तिघं मागे उभे राहिले. आप्पा काउंटरच्या पलीकडे आपल्या जागेवर गेले, आणि तिथे पोचल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. हे त्यांचं राज्य होतं.

"ही घे," त्यांनी एक जाड स्टीलची कढई पुढे सरकवली. "एक नंबर चीज. बूड बघ, काचेवर ठिवली तर हलत न्हाई. कान रिवेटचे हायत, वेल्डिंगचे न्हाईत. टिचकी मारून बघ, आवाज कसा भरीव येतोय."

मंजुश्रीने टिचकी मारली नाही. तिने कढईचा एक कान धरून ती उचलली, मनगट वाकवलं, पुन्हा ठेवली.

"पाणी भरून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"अर्धी भरून द्या. दामिनी, मागच्या नळाचं आण."

दामिनीने पाणी आणून ओतलं. मंजुश्रीने भरलेली कढई दोन्ही कानांनी उचलून पाहिली आणि काउंटरवर ठेवली.

"आप्पा, आता तुम्ही उचला. अन् शेजारच्या भगुन्यात ओता. फोडणीचं वरण हाय असं समजा. कान गरम हायत, म्हणून फडक्यानं धरा."

"मंजू," अमरनाथ म्हणाला, पण थांबवायला नाही. नीट बघता यावं म्हणून तो जरा पुढे सरकला.

आप्पांनी फडकं घेतलं. पन्नास वर्षांत त्यांनी हजारो कढया उचलल्या होत्या, आणि प्रत्येक रिकामी होती. कानांत फडक्यासकट बोटं जाईनात. कशीबशी गेली तर पकड बसेना. त्यांनी कढई कलती केली. पाणी भगुन्यात थोडं गेलं, काठावरून मागे वळून बुडाशी ओघळलं आणि उरलेलं काउंटरवरून त्यांच्या धोतरावर आलं.

समोर गड्याकडून तवा बघत असलेल्या दोन अनोळखी बायका थांबून बघायला लागल्या.

"कान लहान हायत," मंजुश्री शांतपणे म्हणाली. "फडकं मावत न्हाई. अन् काठाला बाक न्हाई, म्हणून धार मागं येते. ही कढई बघायला एक नंबर हाय. वरण मात्र ओट्यावर सांडंल, रोज."

आप्पा ओल्या धोतराकडे बघत होते. मग त्यांनी कढईचे कान पुन्हा चाचपले, काठावरून अंगठा फिरवला. या कंपनीची कढई ते किती वर्षं विकत होते. कुणी बाई तक्रार घेऊन परत आली नव्हती. बायका सांडलेलं पुसून घेतात, परत येत नाहीत, हे त्यांना आत्ता सुचलं.

"हे मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं न्हाई," मंजुश्री म्हणाली.

समोरच्या दोघींपैकी एक पुढे आली. "ताई, मग मी कुठली घेऊ?" तिने मंजुश्रीला विचारलं. आप्पांना नाही.

"बसा," मंजुश्रीने बाकावर सरकून जागा केली. "आधी माझं होऊ द्या, मग तुमचं बघू."

आप्पांनी ओली कढई बाजूला ठेवली. मागच्या मांडणीवरून दुसरी काढली, मोठ्या कानांची, काठाला बाक असलेली. ती त्यांनी सुनेसमोर ठेवली नाही. आधी स्वतः फडकं घालून कानांत बोटं जातात का ते बघितलं. मग दामिनीला म्हणाले, "पाणी आण."

दुसऱ्या कढईचं पाणी सरळ गेलं. मंजुश्रीने ती बाजूला ठेवायला सांगितली. मग भगुनी आली. एकाचं झाकण नीट बसलं, पण मूठ धातूची, तापणारी. ते परत गेलं. मग तवे आले. कोरा बिडाचा तवा शिवकांताबाईंनी हातात घेऊन पारखला. "हा मी तुम्हाला तयार करून देते," त्या म्हणाल्या, "संगमेशकडनं." संगमेश हो म्हणाला. मग कुकर आला. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता, शिडीवर दोनदा चढून झालं होतं, काउंटरवर भांड्यांचा ढीग लागला होता.

"अजून काय दाखवू?" त्यांनी विचारलं. दुकानात रोज विचारायचे तसं, पण आवाज थोडा वेगळा होता.

मंजुश्रीने पदर सारखा केला आणि बाकावर पाठ टेकून ऐसपैस बसली.

"सगळंच दाखवा," ती म्हणाली. "मला घाई न्हाई."